वर्ल्ड कपमध्ये गोल केला तरी लष्करी सेवा चुकत नाही: कोरियन फुटबॉलपटूंचा नियम नेमका आहे तरी काय?

एशियाड जवळ आलं की फुटबॉल बघणाऱ्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. सप्टेंबर २०२६मध्ये जपानच्या आइची-नागोयाला आशियाई खेळ ठरलेत, म्हणून तो पुन्हा पडू लागलाय. युरोपातले मोठे क्लब एशियाडच्या फुटबॉलला हिंग लावून विचारत नाहीत. मग दक्षिण कोरियाची पोरं तिथे जिवाच्या आकांताने का खेळतात? जिंकल्यावर प्रीमियर लीगमधला खेळाडू मैदानात लोळून का रडतो?

थोडक्यात उत्तर सगळ्यांना माहीत असतं: सुवर्णपदक मिळालं की लष्करात जावं लागत नाही. पण हे उत्तर अर्धवट आहे. सूट मिळालेल्यालाही लष्करी प्रशिक्षण चुकत नाही, सूट न मिळालेल्याचा फुटबॉल बंद होतोच असं नाही, आणि वर्ल्ड कपमध्ये देशाचं नाव गाजवलं तर आज काहीही सूट मिळत नाही. हे सगळं कसं, ते मुळापासून बघू.

युद्ध थांबलंय, संपलेलं नाही

कोरियन युद्ध १९५०मध्ये सुरू झालं. २७ जुलै १९५३ला पानमुनजोम इथे शस्त्रसंधी झाली, म्हणजे गोळीबार थांबवायचा करार. शांतता करार मात्र आजपर्यंत झालेला नाही, त्यामुळे कागदोपत्री दोन्ही कोरिया अजून युद्धातच आहेत. सोल ही राजधानी सीमेपासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर आहे. उत्तर कोरियाचं खडं सैन्य दहा लाखांच्या वर.

म्हणून दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषाला लष्करी सेवा सक्तीची आहे. आज पायदळात १८ महिने, नौदलात २०, हवाई दलात २१. शिक्षण किंवा इतर कारणाने ती पुढे ढकलता येते, पण साधारणपणे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत रुजू व्हावं लागतं. बायकांना सक्ती नाही, आणि त्यावरून तिथे कडाक्याची भांडणं होतात.

आता फुटबॉलपटूचं वय बघा. विसाव्या ते अठ्ठाविसाव्या वर्षांत तो घडतो, मोठ्या क्लबात जातो आणि आयुष्याची पुंजी कमावतो. नेमक्या त्याच आठ वर्षांतली दीड-दोन वर्षं सरकार मागतं. अभियंता दीड वर्षाने परत आला तर पुन्हा कामाला लागू शकतो. आघाडीच्या फळीत खेळणारा पंचविशीतला माणूस दीड वर्ष चेंडूपासून लांब राहिला तर परतल्यावर त्याची जागा तशीच राहील याची खात्री कुणी देत नाही.

सूट मिळते म्हणजे नेमकं काय मिळतं?

नियम असा: ऑलिंपिकमध्ये कुठलंही पदक किंवा एशियाडमध्ये सुवर्णपदक. यातलं एक मिळालं की तो खेळाडू 'क्रीडा सेवक' या गटात जातो. हा शब्द एकदाच लक्षात ठेवा. या गटातला माणूस सैन्यातून सुटत नाही, त्याच्या सेवेचा प्रकार बदलतो. त्याने तीन-चार आठवड्यांचं प्राथमिक लष्करी प्रशिक्षण घ्यायचं, पुढचे ३४ महिने आपल्याच खेळात काम करत राहायचं आणि त्या काळात ५४४ तास समाजसेवा करायची. समाजसेवा म्हणजे बहुतेक वेळा शाळांत जाऊन मुलांना खेळ शिकवणं. या ५४४ तासांकडे पुन्हा यायचंय, कारण एका नावाजलेल्या बचावपटूची राष्ट्रीय कारकीर्द त्यांनीच बुडवली.

तेव्हा इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबकडून खेळणाऱ्या कोरियन आघाडीवीर सोन ह्युंग-मिनचं उदाहरण घ्या. २०१८च्या एशियाडच्या सुवर्णामुळे तो या गटात आला होता. २०२०च्या वसंतात कोविडमुळे प्रीमियर लीग थांबली होती. फेब्रुवारीत ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याचा हात मोडला होता, तोही भरत आला होता. त्याने तो रिकामा वेळ साधला आणि २० एप्रिलला जेजू बेटावर मरीन दलाच्या छावणीत दाखल झाला. तीन आठवडे. त्यात अश्रुधुराचा सराव, पाठीवर ओझं घेऊन लांब पल्ल्याची पायपीट, बंदुकीचा नेम. ८ मेला बाहेर पडला तो १५७ जणांच्या तुकडीत अव्वल ठरल्याचं बक्षीस घेऊनच. डोक्यावर बारीक केस, अंगात हिरवा गणवेश, कडक सॅल्यूट. टॉटनहॅमचे चाहते तो फोटो आजही फिरवतात.

दोन वर्षांनी, २०२१-२२च्या हंगामात, त्याने प्रीमियर लीगमध्ये २३ गोल करून मोहम्मद सालाहबरोबर गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, वाटून घेतला. १८ महिन्यांची पूर्ण सेवा करावी लागली असती तर हा हंगाम झालाच नसता, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण टॉटनहॅमने त्याची वाट बघितली असती का, हा प्रश्न उरतोच.

हा नियम आला कुठून?

गंमत म्हणजे फुटबॉल आणि लष्कर यांचा सांधा तिथे जुळला तो उत्तर कोरियाच्या एका गोलमुळे. १९६६च्या वर्ल्ड कपमध्ये मिडल्सब्रोला उत्तर कोरियाने इटलीला १-० असं हरवून घरी पाठवलं. सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या आणि सोलमध्ये सरकारची झोप उडाली. पुढच्याच वर्षी, १९६७मध्ये, दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्याने स्वतःचा फुटबॉल संघ काढला. हो, गुप्तचर खात्याने! त्याचं नाव यांगजी. देशातले चांगले तरुण खेळाडू गोळा केले, त्यांची लष्करी सेवा या संघातच धरली, आणि १९६९मध्ये त्यांना १०५ दिवसांच्या युरोप दौऱ्यावर पाठवलं. त्या काळातल्या गरीब कोरियात हा खर्च म्हणजे चैनच होती. खात्याचा प्रमुख बदलला आणि १९७०मध्ये संघ गुंडाळला गेला. पण त्या संघातून ली ह्वे-तेक, किम जंग-नाम आणि किम हो हे तिघे निघाले. पुढे १९८६, १९९० आणि १९९४ अशा लागोपाठच्या तीन वर्ल्ड कपमध्ये कोरियाचे प्रशिक्षक हेच होते: आधी किम जंग-नाम, मग ली ह्वे-तेक, मग किम हो. एवढं मोठं देणं हेरांच्या संघाने दिलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

सूट देण्याचा कायदा आला १९७३मध्ये, पार्क चुंग-ही यांच्या लष्करी वळणाच्या राजवटीत. हेतू सरळ होता: देशाचं नाव जगात गाजवणाऱ्याला बक्षीस. पहिला मोठा लाभार्थी ठरला पैलवान यांग जंग-मो. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्याने कुस्तीत कोरियाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. निकष पुढे बदलत गेले, आणि १९९०पासून आजचा नियम आहे: ऑलिंपिकचं पदक किंवा एशियाडचं सुवर्ण.

ज्यांना सूट नव्हती त्यांचं काय व्हायचं, हे चा बुम-कुनला विचारावं. कोरियाचा हा आघाडीवीर हवाई दलाच्या संघातून खेळत होता. सेवा संपतेय या समजुतीने तो १९७८च्या डिसेंबरमध्ये जर्मनीला गेला, डार्मश्टाट क्लबकडून बुंडेसलीगामध्ये, म्हणजे तिथल्या अव्वल लीगमध्ये, एक सामना खेळला, आणि मायदेशातून निरोप आला: तुझे महिने अजून भरायचेत, परत ये. तो परतला. मे १९७९च्या अखेरीस सेवा संपवून पुन्हा जर्मनीला गेला, आइनट्राख्ट फ्रँकफुर्टकडून १९८०चा युएफा कप जिंकला आणि बुंडेसलीगात एकूण ९८ गोल केले. १९९८च्या वर्ल्ड कपला तोच कोरियाचा प्रशिक्षक होता. जर्मनीतल्या पहिल्या सामन्यानंतर माघारी जावं लागूनही तो तिथला मोठा खेळाडू झाला. पण दुसरी संधी सगळ्यांना मिळत नाही.

एका सामन्यावर टांगलेली कारकीर्द

ऑलिंपिक आणि एशियाड या दोन्ही स्पर्धांत पुरुष फुटबॉलला वयाची अट असते: २३ वर्षांखालचा संघ, आणि वरचे फक्त तिघे. शिवाय दोन्ही स्पर्धांसाठी क्लबने खेळाडू सोडायलाच हवा असं बंधन नाही. म्हणजे सोनसारख्याच्या हातात चार-पाच संधी, त्यातल्या निम्म्या क्लबच्या मर्जीवर.

२०१४चं एशियाड तर घरीच, इंचॉनला. सोन तेव्हा जर्मनीच्या लेव्हरकूसेन क्लबला होता आणि क्लबने त्याला सोडलं नाही. कोरियाने अंतिम सामन्यात, जादा वेळेच्याही शेवटी गोल करून, उत्तर कोरियाला १-० हरवलं. त्या संघातल्या सगळ्यांना सूट मिळाली. सोन टीव्हीसमोर. २०१६ला रिओमध्ये तो खेळला, पण उपउपांत्य फेरीत होंडुरासने १-० हरवलं आणि तो मैदानात ढसाढसा रडला.

मग २०१८, इंडोनेशिया. सोन २६ वर्षांचा, संघाचा कर्णधार, आणि ही बहुधा शेवटची गाडी. टॉटनहॅमने हंगामाच्या सुरुवातीलाच त्याला सोडलं. बदल्यात कोरियाच्या फुटबॉल संघटनेने पुढच्या आशियाई कपच्या पहिल्या दोन सामन्यांसाठी त्याला क्लबकडेच राहू दिलं. सुरुवात अशी झाली की साखळीत मलेशियाकडून २-१ हार. उपउपांत्य फेरीत उझबेकिस्तानला जादा वेळेत ४-३ हरवताना नाकी नऊ आले. उपांत्य फेरीत समोर व्हिएतनाम, आणि त्यांचा प्रशिक्षक पार्क हांग-सो, स्वतः कोरियन! त्याच्या संघाला ३-१ हरवून अंतिम फेरी.

१ सप्टेंबरला बोगोरजवळच्या पाकानसारी स्टेडियममध्ये जपानविरुद्ध ९० मिनिटं गोल नाही. जादा वेळेत तिसऱ्या मिनिटाला सोन चेंडू घेऊन पेनल्टी भागात शिरला आणि ली सुंग-वूने त्याच्या पायातूनच तो जवळजवळ हिसकावून जाळ्यात मारला. नंतर सोनच्याच फ्री-किकवर ह्वांग हि-चानने हेडर मारला. जपानने एक परतवला. २-१. वीसच्या वीस खेळाडू सुटले. त्यात किम मिन-जे होता, जो पुढे नापोली आणि बायर्न म्युनिकला गेला. ह्वांग इन-बोमची तर आणखीच मजा. तो त्या वेळी पोलीस दलाच्या संघात आपली सक्तीची सेवा करतच होता. पदक गळ्यात पडलं आणि मुदतीआधीच घरी आला.

ज्यांना पदक मिळत नाही, ते कुठे जातात?

बाहेरचे लोक सोनच्या कथेवर थांबतात. मला वाटतं, खरी बघण्यासारखी गोष्ट त्याच्या पलीकडे आहे, आणि तिचं नाव सांगमू. हे सैन्याचं क्रीडा पथक. १९८४मध्ये स्थापन झालं, मुख्यालय मुनग्योंग शहरात. त्याचा फुटबॉल संघ देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे के लीगमध्ये, बाकीच्या क्लबांसारखाच खेळतो. संघाला यजमान शहर लागतं, म्हणून नाव बदलत गेलं: आधी ग्वांगजू सांगमू, २०११पासून सांगजू सांगमू, २०२१पासून गिमचॉन सांगमू.

व्यवस्था समजायला आपल्या सरकारी खात्यातली प्रतिनियुक्ती आठवा. माणसाचं नाव मूळ खात्याच्या पटावर, खुर्ची दुसऱ्या खात्यात, मुदत संपली की परत. तसंच इथे. के लीगमधल्या क्लबचा खेळाडू अर्ज करतो, निवड झाली तर सैनिक म्हणून भरती होतो, प्राथमिक प्रशिक्षण घेतो आणि दीड वर्ष सांगमूच्या जर्सीत खेळतो. मूळ क्लबशी असलेला करार गोठतो. मुदत संपली की तो परत क्लबमध्ये. जागा थोड्या, उमेदवार भरपूर, आणि वय साधारण सत्ताविशीच्या आत हवं.

अशा संघाचं प्रशिक्षकपद म्हणजे सत्त्वपरीक्षा. परदेशी खेळाडू नाहीत. हवा तो खेळाडू विकत घेता येत नाही. हंगामाच्या मधोमध अर्धा संघ सेवा संपवून निघून जातो आणि नवे रंगरूट येतात. तरीही २०२४मध्ये गिमचॉन सांगमू के लीगच्या पहिल्या श्रेणीत तिसरा आला. तिसऱ्या क्रमांकाला एरवी आशियाई क्लब स्पर्धेचं दार उघडतं, पण सैन्याचा संघ आशियाई फुटबॉल महासंघाच्या व्यावसायिक क्लबच्या अटींत बसत नाही. ती जागा चौथ्या क्रमांकाच्या एफसी सोलला गेली. २०१२ला तर याच अटींपायी सांगजूला हंगाम संपायच्या आतच खालच्या श्रेणीत ढकलायचं ठरलं, आणि संघाने उरलेल्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. सैनिकांनी केलेला बहिष्कार!

त्या गोंधळानंतर लगेच तिथे आला ली क्युन-हो. २०१२ साली आशियातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडला गेलेला हा माणूस २०१३मध्ये दुसऱ्या श्रेणीत, सैनिकी संघात खेळत होता. तिथे सर्वाधिक गोल करून त्याने संघाला वर आणलं. २०१४च्या वर्ल्ड कपला तो सार्जंट हुद्द्यावर होता. महिन्याचा पगार सुमारे दीड लाख वॉन, म्हणजे तेव्हाचे १४५ डॉलरच्या आसपास. १७ जूनला कुयाबामध्ये रशियाविरुद्ध त्याने लांबून मारलेला फटका गोलरक्षक अकिनफेवच्या हातातून निसटून आत गेला, आणि सार्जंटसाहेबांनी कडक सॅल्यूट ठोकला. सांगमूचे खेळाडू गोल केल्यावर सॅल्यूट करतात, ती त्यांची रीत आहे.

सांगमूत जाणं म्हणजे शिक्षाच, असंही नाही. पुढचा वर्ल्ड कप नायक चो ग्यू-सुंग तिथे २०२१ आणि २०२२ अशी दीड वर्ष होता. सप्टेंबर २०२२मध्ये सुटला आणि नोव्हेंबरमध्ये कतारला घानाविरुद्ध तीन मिनिटांत दोन हेडर मारले. वर्ल्ड कपच्या एका सामन्यात दोन गोल करणारा तो पहिला कोरियन. रोजचा व्यायाम, ठरलेलं जेवण, लवकर उठणं, गोंगाट नाही. काहींना हे मानवतं.

पण सांगमूत जाण्यासाठी देशातल्या लीगमध्ये असावं लागतं. सोन किशोरवयातच हॅम्बुर्गला गेला, के लीगमध्ये कधी खेळलाच नाही. म्हणजे त्याच्यासाठी ही वाट जवळजवळ बंद होती. जो जितका लवकर युरोपात गेला, तितकं त्याचं सगळं पदकावर येऊन ठेपतं.

"पण वर्ल्ड कप तर एशियाडहून मोठा!"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. २००२मध्ये सरकारलाही तो पटला होता. घरच्या वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगालला हरवल्यावर राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग खेळाडूंना भेटायला आले, तेव्हा कर्णधार होंग म्युंग-बोने तरुण खेळाडूंच्या लष्करी सेवेबद्दल त्यांच्याकडे शब्द टाकला. सरकारने नियम बदलला: बाद फेरी गाठली तर सूट. त्याचा फायदा पार्क जी-सुंगला झाला, जो पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये गाजला.

मग २००६मध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड क्लासिकमध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्यांनाही तीच सवलत दिली. झालं! बाकीचे खेळ म्हणाले, आमच्या जागतिक स्पर्धांनी काय घोडं मारलंय? लोकांचीही कुरबूर सुरू झाली आणि या दोन्ही सवलती पुढच्याच काळात रद्द झाल्या. २०१०ला दक्षिण आफ्रिकेत कोरियाने पुन्हा बाद फेरी गाठली, पण कुणालाही काही मिळालं नाही.

म्हणून आजची अवस्था थोडी विनोदी आहे. वर्ल्ड कपमध्ये जर्मनीला हरवलं (२०१८ला कोरियाने हरवलंही, २-०) तर टाळ्या. २३ वर्षांखालच्या एशियाडमध्ये जिंकलं तर आयुष्यातली दीड वर्षं परत. शिवाय तेव्हाच्या नियमाप्रमाणे संघात असून चालत नसे, मैदानात उतरावं लागे. २०१२ला लंडन ऑलिंपिकच्या कांस्यपदकाच्या सामन्यात कोरिया जपानविरुद्ध २-० पुढे होता. किम की-ही हा बचावपटू तोवर स्पर्धेत एक मिनिटही खेळला नव्हता. प्रशिक्षक होते तेच होंग म्युंग-बो. ८९व्या मिनिटाला त्यांनी त्याला आत पाठवलं. त्या चार-पाच मिनिटांनी त्याची जवळपास दोन वर्षं वाचवली.

"एवढ्या मोठ्या खेळाडूला नुसतं सोडून द्यायला काय हरकत आहे?"

बाहेरून बघताना हे सोपं वाटतं. पण ज्या घरातला मुलगा कॉलेज अर्धवट सोडून सीमेवर थंडीत पहारा देऊन आलाय, त्या घराला हे विचारून बघा. तिथे लष्करी सेवा चुकवणं म्हणजे राजकारण्याचं पद जावं, गायकाची कारकीर्द संपावी इतका मोठा कलंक आहे. न्याय सगळ्यांना सारखा, हीच त्या व्यवस्थेची एकमेव पुण्याई.

म्हणून आघाडीवीर पार्क चू-यंगवर २०१२मध्ये गहजब झाला. मोनॅकोत खेळताना मिळालेल्या दीर्घ निवास परवान्याच्या जोरावर त्याने सेवा वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलून घेतली होती. कायद्यात बसत होतं, लोकांच्या मनात बसत नव्हतं. ऑलिंपिक संघात घेण्याआधी होंगना त्याला शेजारी बसवून पत्रकार परिषद घ्यावी लागली, आणि हा गेला नाही तर त्याच्या जागी मी लष्करात जाईन, अशा अर्थाची हमी द्यावी लागली. त्याच पार्कने जपानविरुद्ध पहिला गोल केला आणि प्रश्न मिटवला.

आणि आता ते ५४४ तास. २०१४च्या सुवर्णविजेत्या संघाचा कर्णधार जांग ह्युन-सू याने समाजसेवेचे तास दाखवण्यासाठी सरकारला फोटो दिले होते. आपल्या जुन्या शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवतानाचे. २०१८मध्ये एका खासदाराने ते बारकाईने पाहिले. कागदावर तारीख जोरदार बर्फ पडलेल्या दिवसाची, आणि फोटोतलं मैदान स्वच्छ! जांगला कबूल करावं लागलं. फुटबॉल संघटनेने त्याला राष्ट्रीय संघातून कायमचं बाद केलं आणि तीन कोटी वॉन दंड ठोठावला. वर्ल्ड कप खेळून आलेला बचावपटू, वय २७. इतकी कडक शिक्षा मला आधी जास्त वाटली होती. पण सवलतीची किंमत फक्त काही शेकडा तास असेल आणि तेही खोटे निघाले, तर बाकीच्या लाखो पोरांना काय सांगायचं?

हे फक्त कोरियातच आहे का?

नाही. हंगेरीचा महान फुटबॉलपटू पुश्काश ज्यात खेळायचा, तो होनवेद हा सैन्याचा संघ होता. पुश्काशला 'दौडणारा मेजर' म्हणायचे ते त्यामुळेच. इंग्लंडमध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं सक्तीची सेवा होती, आणि बॉबी चार्लटन मँचेस्टर युनायटेडकडून खेळायला लागला तेव्हा आठवडाभर श्रूजबरीच्या छावणीत असायचा.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. भारतात सक्ती नाही, त्यामुळे सैन्य खेळाडूच्या आयुष्यात अडथळा म्हणून येत नाही, नोकरी म्हणून येतं. १८८८पासूनचा ड्युरँड कप मुळात सैनिकांसाठीच सुरू झाला. गोलरक्षक पीटर थंगराज मद्रास रेजिमेंटल सेंटरकडून खेळून नावारूपाला आला, आणि १९६२च्या जकार्ता एशियाडला सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्या अंतिम सामन्यात आपण हरवलं कुणाला? दक्षिण कोरियालाच, २-१. आज हे वाचून हसू येईल, पण खरं आहे. संतोष ट्रॉफीत सेनादलाचा संघ अजूनही दादा आहे: २०१६ला नागपुरात त्यांनी महाराष्ट्राला २-१ हरवलं, २०२४च्या अंतिम सामन्यात गोव्याला १-०. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन सियाचिनला राहून आला आणि नंतर सैन्यातच धावपटू झाला. कोरियन खेळाडू सैन्य टाळण्यासाठी पदक मागतो. आपल्याकडे पोरगा सैन्यात लागावा म्हणून घरचे धावायला पाठवतात.

मग पुढे काय होईल?

सूट सरसकट रद्द करा, अशी मागणी तिथे दर एशियाडनंतर होते. २०१८ला ती फार जोरात होती, कारण बेसबॉल संघात काही जणांना केवळ सूट मिळावी म्हणून घेतलं, असा आरोप झाला आणि प्रशिक्षकाला संसदेत जाऊन उत्तरं द्यावी लागली. त्याच वेळी बीटीएस या कोरियन पॉप गटाचे चाहते विचारू लागले की शास्त्रीय पियानोवादकाला स्पर्धा जिंकल्यावर सूट, मग जगभर गाजणाऱ्या पॉप गायकांना का नाही? २०२०मध्ये अशा गायकांना वयाच्या तिशीपर्यंत सेवा पुढे ढकलायची मुभा मिळाली, सूट नाही. बीटीएसचे सगळे जाऊनही आले. एका पदकाऐवजी अनेक स्पर्धांतल्या कामगिरीचे गुण साठवावेत, अशीही सूचना झाली होती. ती मला जास्त शहाणपणाची वाटते, पण प्रत्यक्षात आलेली नाही. उलट २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ई-स्पोर्ट्सचं सुवर्ण जिंकणारेही या सवलतीत बसले.

दुसरीकडे मुलंच कमी जन्माला येताहेत. २०२३मध्ये तिथला जननदर ०.७२ होता, म्हणजे दोन माणसांमागे एक मूलही नाही. सैन्याला माणसं हवीत, त्यामुळे सवलत वाढवणं कुठल्याच सरकारला परवडणार नाही. पण ती पूर्ण बंद करून मिळणारे खेळाडू इतके थोडे की त्याने सैन्यालाही फरक पडत नाही.

माझ्या मते बदल होतोय तो वेगळ्याच बाजूने, आणि त्याची बातमी होत नाही. ली क्युन-हो सांगमूत गेला तेव्हा पायदळातली सेवा २१ महिन्यांची होती, आज १८ आहे. त्याला सार्जंट म्हणून दीड लाख वॉन मिळायचे, २०२५मध्ये त्याच हुद्द्याचा मूळ पगार १५ लाख वॉन झाला. सुवर्णपदक न मिळालेल्या के लीगमधल्या पंचविशीतल्या मिडफिल्डरला या घडीला सरकारकडून मिळालेली सगळ्यात खरी सवलत हीच आहे: तीन महिने कमी आणि दसपट पगार.